डोंगर राखणाऱ्याचा पाण्यात वाटा

मृद्संधारण म्हणजे बांध, चर, नालाबांध आणि वृक्षलागवड, असा समज सर्वत्र रूढ झालेला आहे. हा समज खोटा नाही, परंतु अपुरा आहे. बांध घालणे हे स्थापत्याचे काम होय. घातलेला बांध टिकविणे आणि त्याच्या वरचा उतार राखणे हे मात्र माणसांचे काम आहे. कोणताही माणूस एखादी गोष्ट वर्षानुवर्षे राखतो ती त्या राखणीत त्याचे काही हित असते म्हणून. केवळ उपदेशाने, फलकांनी किंवा दंडाच्या भीतीने हे काम फार काळ होत नाही. विकसनशील देशांतील निसर्गसंवर्धनाचा गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव पाहिला, तर अनेक यशस्वी कामांत डोंगर राखणाऱ्यास राखणीच्या फळात वाटा मिळालेला दिसतो. आणि जेथे कामे मातीस मिळाली, तेथे बहुधा हा वाटा ठरविण्याचेच राहून गेलेले असते. पाणलोट विकासाची कामे ज्या राज्यात इतक्या मोठ्या प्रमाणावर हाती घेतली जातात, तेथे या अनुभवाचा विचार अगत्याने व्हावयास हवा.

तोटा एकाचा, लाभ दुसऱ्याचा

एका साध्या उदाहरणावरून हा हिशेब ध्यानात येईल. समजा, एका गावाच्या माथ्यावर शंभर हेक्टरांचा उघडाबोडका डोंगर आहे. पायथ्याशी बारा विहिरी असून त्या बारा बागायतदारांच्या आहेत. डोंगरावर तीस कुटुंबांची शेळ्यामेंढरे चरतात आणि त्यांपैकी निम्म्या कुटुंबांस स्वतःची जमीन नाही. डोंगर चराईस बंद करून तेथे समपातळी चर खोदले व गवत वाढू दिले, तर तीनचार वर्षांत विहिरींचे पाणी वर येईल आणि बागायतदारास रब्बीचे पीक निर्धास्तपणे घेता येईल. परंतु तीस कुटुंबांचा चारा मात्र पहिल्याच दिवशी बंद होईल. अशा वेळी या कुटुंबांनी शेळ्या विकाव्यात, की रात्री चोरून चाराव्यात?

गावाचा एकूण ताळेबंद मांडला तर लाभ तोट्याहून अधिक भरेल, यात शंका नाही. पण ज्याच्या पदरी तोटा पडतो त्याच्या पदरी लाभ पडत नाही, आणि ताळेबंद गाव मांडीत नाही. प्रत्येक कुटुंब आपापला मांडते. एकाच्या कृतीचे बरेवाईट परिणाम दुसऱ्याने भोगावेत आणि बाजारात त्याची कोठेही किंमत लागू नये, यास अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. डोंगरावरून वाहून जाणारी माती हे याचे ठळक उदाहरण होय. ती जेथून जाते तेथील नुकसान थोडे दिसते. ती जेथे जाऊन साचते तेथील धरणाचे, तलावाचे व कालव्याचे नुकसान मोठे असते.

याखेरीज काळाचाही प्रश्न आहे. पोटभर जेवण असलेल्या माणसास पाच वर्षांनंतरच्या लाभासाठी थांबता येते. ज्याची चूल आज विकलेल्या शेळीवर पेटते, त्यास थांबता येत नाही. तो निसर्गाचा शत्रू नसतो. त्याला उद्याचा हिशेब मांडण्याची सवड नसते, इतकेच. म्हणून संवर्धनाच्या योजनेत खर्च आधी आणि लाभ मागाहून असा जो क्रम असतो, तो गरिबापुरता तरी उलटावा लागतो. हे कसे साधते, याचा एक धडा हरियाणातील एका लहानशा गावाने घालून दिलेला आहे.

सुखना तलाव आणि सुखोमाजरी

चंडीगढ शहर वसविले गेले तेव्हा १९५८ साली सुखना नावाच्या पावसाळी ओढ्यावर धरण बांधून तेथे एक तलाव करण्यात आला. शिवालिक टेकड्यांतून येणाऱ्या अशा ओढ्यांस त्या भागात ‘चो’ म्हणतात. या टेकड्या कच्च्या मातीच्या आहेत. त्यांवरील झाडी तुटली आणि गुरांची व शेळ्यांची चराई अनिर्बंध झाली, त्यामुळे प्रत्येक पावसाळ्यात मातीचे लोट खाली येऊ लागले. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तलावाची निम्म्याहून अधिक साठवणक्षमता गाळाने व्यापली. गाळ उपसण्यावर खर्च होत असे, परंतु उपसलेल्या गाळाची जागा पुढील पावसाळा भरून काढीत असे.

केंद्रीय मृद् व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंडीगढ येथील केंद्रातील शास्त्रज्ञ पी. आर. मिश्र व त्यांचे सहकारी यांनी या गाळाचा माग काढला. बराचसा गाळ पाणलोटाच्या थोड्याशा भागातून येतो आणि त्या भागात सुखोमाजरी हे गाव आहे, असे त्यांना आढळले. गाव गरीब होते. शेती पावसावर अवलंबून असल्यामुळे तीत वर्षाचे धान्यही पुरेसे पिकत नसे. गावकरी गुरे व शेळ्या टेकड्यांवर चारीत, कारण दुसरा चाराच नव्हता. प्रारंभी तेथे चर, बांध व लागवड या नेहमीच्या उपायांचा अवलंब झाला. पण चराई थांबल्यावाचून त्यांचा टिकाव लागणे शक्य नव्हते आणि चराई थांबविण्यात गावाचे काहीच हित नव्हते. शहराचा तलाव वाचावा म्हणून गावाने उपाशी राहावे, ही अपेक्षा कोण पुरी करणार?

१९७६ साली तेथे पहिला लहान मातीचा बंधारा झाला. त्यात साचलेले पाणी शेतास मिळाले तेव्हा गव्हाच्या पिकात पडलेला फरक गावकऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. बंधारा टिकला तर पाणी मिळेल, आणि टेकडीवरून माती आली नाही तरच बंधारा टिकेल, ही साखळी त्यांना कोणी वेगळी समजावून सांगावी लागली नाही. पुढे आणखी बंधारे झाले. टेकडीस तारेचे कुंपण घालण्याऐवजी गावानेच तिची राखण पत्करली. यासच पुढे ‘सामाजिक कुंपण’ हे नाव मिळाले.

मात्र हे एका दिवसात झाले नाही, आणि जेथे अडले ती जागा विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आरंभी पाणी काही थोड्या शेतकऱ्यांच्याच जमिनींस पोहोचत होते. ज्यांस पाणी मिळत नव्हते त्यांनी साहजिकच प्रश्न केला, की चराई सर्वांनी सोडावयाची आणि पाणी मात्र काहींनीच घ्यावयाचे, हा न्याय कोणता? या प्रश्नातून जी व्यवस्था निघाली तीच सुखोमाजरीची खरी देणगी होय. बंधाऱ्याच्या पाण्यावर गावातील प्रत्येक कुटुंबाचा समान हक्क मानण्यात आला. जमीन किती आहे हे पाहिले गेले नाही. ज्यास जमीन नाही त्यासही पाण्याचा वाटा मिळाला, आणि तो वाटा दुसऱ्यास देऊन त्याचा मोबदला घेण्याची मुभा राहिली. पाण्याची आकारणी व राखणीचे नियम यांसाठी गावकऱ्यांची संस्था स्थापन झाली.

परिणाम शेतीपुरते राहिले नाहीत. पाण्यामुळे धान्याबरोबर भुसा व वैरण वाढली. शेळ्या कमी होऊन गोठ्यात बांधून पोसावयाच्या म्हशी वाढल्या आणि दुधाचे उत्पन्न सुरू झाले. चराई थांबलेल्या टेकडीवर भाबर नावाचे गवत माजले. हे गवत दोर वळण्यास व कागदाच्या लगद्यास उपयोगी पडते. पूर्वी वनखाते ते लिलावाने ठेकेदारास देत असे. आता ठराविक रक्कम भरून ते कापण्याचा हक्क गावच्या संस्थेकडे आला. १९७६ साली टेकडीवर हेक्टरी १३ झाडे होती. १९९२ साली त्यांची संख्या १,२७२ झाल्याची नोंद आहे. तलावात येणारा गाळ झपाट्याने घटला. गावाचे उत्पन्न इतके वाढले की संस्थेवर आयकराची आकारणी झाली. एके काळी पोटापुरतेही न पिकविणाऱ्या गावाची ही प्रगती होय.

यशाची मर्यादा

या उदाहरणावर आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्यही आहे. सुखोमाजरी हे लहान गाव असून तेथील बहुतेक कुटुंबे एकाच समाजाची होती. तेथे शास्त्रज्ञांचे विशेष लक्ष होते आणि बाहेरून पैसाही आला होता. शेकडो उंबऱ्यांच्या व अनेक तटांच्या गावात समान वाट्याचा ठराव इतक्या सहजी होणार नाही. हे सर्व मान्य केले तरी त्यातून निघणारा निष्कर्ष वाटा देऊ नये असा नाही. वाटा ठरविण्याच्या कामास अधिक वेळ व अधिक माणसे द्यावी लागतील, एवढाच आहे.

याहून महत्त्वाचा धडा पुढील काळाने दिला. पाण्याचा वाटा गावाचा होता, परंतु टेकडी सरकारची होती आणि गवताचा हक्क खात्याच्या मर्जीवर अवलंबून होता. कालांतराने गवताच्या उत्पन्नातील सरकारी हिस्सा वाढत गेला आणि गावाच्या हाती राहणारा भाग आटला. बंधाऱ्यांतही गाळ साचू लागला व संस्थेचा उत्साह मंदावला. यावरून असे दिसते, की वाटा देणे पुरेसे नाही. तो कायम राहील असा भरवसाही द्यावा लागतो. मर्जीने मिळालेली वस्तू माणूस वापरतो. हक्काने मिळालेली वस्तू तो राखतो.

इतर देशांचा अनुभव

राखणाऱ्यास मोबदला देण्याचे हे तत्त्व काही देशांनी कायद्याच्या व राष्ट्रीय कार्यक्रमांच्या चौकटीत आणले आहे. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका या छोट्या देशात गुरांच्या कुरणांसाठी जंगलाची बेसुमार तोड झाली होती. त्या देशाने १९९६ साली नवा वनविषयक कायदा केला आणि त्यात जंगलाच्या चार सेवा मान्य केल्या: हवेतील कर्बवायू शोषणे, पाण्याचे रक्षण, जीवसृष्टीचे रक्षण आणि निसर्गसौंदर्य. या सेवांबद्दल जमीनधारकांस करारान्वये रोख मोबदला देण्यास १९९७ साली आरंभ झाला. इंधनावरील कराचा एक भाग यासाठी राखून ठेवण्यात आला. म्हणजे जो धूर करतो त्याच्याकडून घ्यावयाचे आणि जो झाड राखतो त्यास द्यावयाचे, असा हा सरळ व्यवहार आहे. आज त्या देशाच्या निम्म्याहून अधिक भूमीवर जंगल आहे. याचे सर्व श्रेय या मोबदल्यास देता येणार नाही. त्याच कायद्याने जंगल तोडून जमीन अन्य उपयोगास लावण्यास बंदी केली, शिवाय पशुपालनाची किफायतही घटली होती. परंतु बंदीबरोबर मोबदला आल्यामुळे बंदी सुसह्य झाली, हे नाकारता येत नाही.

चीनमध्ये १९९८ साली यांगत्से नदीस प्रलयंकारी पूर आला. त्यानंतर तीव्र उतारावरील शेती सोडून तेथे झाडे व गवत लावणाऱ्या शेतकऱ्यांस धान्य व रोख रक्कम देण्याचा कार्यक्रम १९९९ साली सुरू झाला. प्रारंभीच्या काळात यांगत्सेच्या खोऱ्यात वर्षास हेक्टरी २,२५० किलो, तर पीत नदीच्या खोऱ्यात हेक्टरी १,५०० किलो धान्य दिले जात असे. दोन्ही देशांच्या राज्यपद्धती भिन्न आहेत, परंतु वरच्या माणसाने सोसलेल्या झळीची किंमत खालच्याने अथवा सर्वांनी मिळून द्यावी, हा विचार दोहोंत समान आहे.

महाराष्ट्रातील दाखले

महाराष्ट्रास हा विचार परका नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर जमीन घेऊन पाणलोट क्षेत्राचे प्रयोग केले. त्यातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात देण्याचा नियम केला: माणशी अर्ध्या एकरास, आणि कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकरांस पुरेल इतके पाणी. भूमिहीनांसही वाटा मिळाला. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे, आणि या पाण्यावर ऊस घेण्यास मनाई होती. शेतकऱ्यांनी खर्चाचा काही भाग स्वतः उचलावा, असाही दंडक होता.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली आहे. डोंगरावरील गवत विळ्याने कापून नेण्याची सोय गावकऱ्यांस ठेवलेली आहे. म्हणजे गुरांचा पाय बंद झाला, पण चारा बंद झाला नाही. शेतीसाठी कूपनलिका खोदावयाच्या नाहीत, उसासारखी अतिशय पाणी पिणारी पिके घ्यावयाची नाहीत, आणि दर वर्षीच्या पावसाचा हिशेब मांडून मगच पिकांचे नियोजन करावयाचे, हे नियम गावाने स्वतःवर लादून घेतले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सामूहिक वनहक्क प्राप्त झाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. सुखोमाजरीत जो भरवसा अपुरा पडला, तो येथे कायद्याने दिला.

असे दाखले घरात असूनही अनेक ठिकाणी निराळेच चित्र दिसते. पाणलोटाचे काम सरकारी खर्चाने होते. डोंगर बंद होतो. पाणी मुरते. आणि ज्याच्याजवळ पैसा आहे तो खोल कूपनलिका घेऊन ते सर्व पाणी उसास किंवा फळबागेस उपसून टाकतो. दोनचार वर्षांत पाणीपातळी पुन्हा खाली जाते. मेंढपाळाची चराई गेली, भूमिहीनाच्या हाती काही आले नाही, आणि लहान शेतकऱ्याची विहीर पूर्वीप्रमाणेच जानेवारीत कोरडी पडली. मग कोणी डोंगरावर शेळ्या सोडल्या तर त्यास अडाणी म्हणण्यात काय अर्थ आहे? त्याने हिशेब अचूक मांडलेला असतो. चुकलेली असते ती योजना.

काय करावयास हवे

पहिली गोष्ट अशी, की पाणलोटाच्या कामाचा आराखडा करताना जलसाठ्याच्या नकाशाबरोबर हितसंबंधांचाही नकाशा तयार व्हावा. कोणता उतार बंद होणार, तेथे आज कोणाची किती जनावरे चरतात, त्यांस पर्यायी चारा कोठून मिळणार, आणि वाढलेले पाणी कोणाच्या विहिरीत उतरणार, हे ग्रामसभेपुढे वाचून दाखवावे व इतिवृत्तात लिहावे. हे ठरल्यावाचून पहिली कुदळ पडू नये.

दुसरी गोष्ट, सार्वजनिक पैशाने साठविलेल्या पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा वाटा मानावा. भूगर्भातील पाणी जमिनीच्या मालकाचे, ही जुनी समजूत पाणलोटाच्या गावात अन्यायास कारण होते. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ साली संमत होऊन २०१४ साली अंमलात आला. खोल विहिरींवर निर्बंध घालण्याची आणि पिकांचे नियोजन करण्याची तरतूद त्यात आहे. परंतु कायदा अधिकाऱ्याच्या कपाटात राहून चालत नाही. गावाने आपला पाण्याचा ताळेबंद दर वर्षी दिवाळीपूर्वी मांडला आणि त्यानुसार रब्बीचे क्षेत्र ठरविले, तरच त्या कायद्यास प्राण येईल.

तिसरी गोष्ट, लाभ आधी आणि बंदी मागाहून हा क्रम पाळावा. डोंगर एकदम सगळा बंद न करता तिसरा हिस्सा बंद करावा. त्यातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क ज्यांची चराई गेली त्या कुटुंबांस द्यावा. गवत दिसू लागले म्हणजे दुसरा हिस्सा बंद करण्यास तीच कुटुंबे पुढे येतील. गोठ्यातील जनावरांसाठी अर्थसाहाय्य द्यावयाचे असेल तर त्यातही याच कुटुंबांस अग्रक्रम असावा.

चौथी गोष्ट, खाली बसून लाभ घेणाऱ्याने वर राखण करणाऱ्यास काही द्यावे. ज्या धरणाचे पाणी शहरास, कारखान्यास व कालव्याखालील बागायतीस मिळते, त्या धरणाचे आयुष्य त्याच्या वरील डोंगरावर अवलंबून असते. पाणीपट्टीचा अल्पसा भाग पाणलोटातील गावांच्या देखभाल निधीकडे वळविला, तर गाळ उपसण्याहून ते खचित स्वस्त पडेल. हे दान नव्हे. घेतलेल्या सेवेची किंमत आहे.

पाचवी गोष्ट कामाच्या मोजमापाची आहे. किती घनमीटर माती हलविली आणि किती रोपे लावली, यावरून कामाचे यश ठरविणे सोयीचे असते, परंतु खरे यश पाच वर्षांनंतर मोजले पाहिजे. डोंगर अद्याप राखलेला आहे काय, एप्रिलमध्ये लहान शेतकऱ्याच्या विहिरीत पाणी आहे काय, आणि भूमिहीन कुटुंबाच्या उत्पन्नात काही भर पडली काय, हे प्रश्न प्रत्येक अहवालात यावयास हवेत.

निसर्गाचे रक्षण व गरिबाची भाकर यांत वैर आहे, असे पुष्कळदा मानले जाते. योजना चुकीची असेल तर ते वैर खरोखरच निर्माण होते. वाटा न्याय्य असेल तर तीच भाकर डोंगराची राखणदार बनते. गावोगावीच्या ग्रामसभांनी पुढील पावसाळ्यापूर्वी निदान एवढे करावे: आपल्या शिवारातील डोंगर कोण राखतो आणि त्याचे पाणी कोण पितो, यांची दोन नावनिशीवार यादीपत्रके करावीत व ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही यादींत तीच नावे असतील तर काम सुरक्षित आहे. तशी ती नसतील, तर बांध घालण्यापूर्वी त्या दोन याद्या जुळविणे हेच गावाचे पहिले संधारणकार्य होय.